आयसीयूत येऊन बाबांचं अंग तपासणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सा. न. वि. वि.

डिस्चार्जच्या धावपळीत तुमची भेट राहिली, म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण यातलं काही दुसऱ्या घरांनाही उपयोगी पडेल.

जुलै महिना, लावणी चाललेली, ताप आणि डोळे पिवळे. म्हणजे लेप्टो, चिखलपाण्यातून होणारा ताप. रत्नागिरीत हे कोणीही सांगेल, आणि चिखलात दिवसभर उभ्या राहणाऱ्या माणसाबद्दल ती शंका रास्तच होती. रक्त तपासायला गेलं, अँटिबायोटिक सुरू झालं. अंगावरचे लाल चट्टे त्याआधी घरीच दिसले होते. पित्त उठलंय म्हणून आईने आमसुलाचं पाणीही लावलं होतं. पण चेहरा सुजला, लिव्हरचे आकडे चढले, बीपी उतरलं. आयसीयूतल्या डॉक्टरांनी ‘स्किनच्या मॅडमना बोलावतो’ म्हटल्यावर काका भडकलेच. “इथे माणूस अत्यवस्थ आणि खरूज-नायट्याचे डॉक्टर कशाला?”

तुम्ही ओपीडी आटपून आलात. पडदा ओढून डोक्यापासून तळव्यापर्यंत सगळं पाहिलंत. तोंडाच्या आत, डोळे, मानेतल्या गाठी, काखा, जांघा, लेंग्याची नाडी बांधतात ती जागासुद्धा. स्क्रब टायफस नावाच्या तापाचा बारीक किडा चावतो तिथे काळी खपली धरते आणि ती अशाच झाकल्या जागी लपते, हे नंतर कळलं. ती नव्हती. तोंड आतून सोललेलं नव्हतं, कातडीही सुटत नव्हती; तसं असतं तर प्रकरण वेगळं आणि जास्त धोक्याचं, असंही तुम्ही समजावलंत.

मग औषधांची चौकशी. काकांचा सगळा राग अँटिबायोटिकवर. तुम्ही म्हणालात, “कालपरवाचं सोडा. दोन महिने मागे जा.”

आमच्याकडे गोळ्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात असतात. भावाने तो अख्खा डबा ओतून फोटो पाठवला. त्यात यूरिक ॲसिड कमी करायची गोळी निघाली, ॲलोप्युरिनॉल. आंब्याचा हंगाम संपता संपता बाबांच्या पायाचा अंगठा सुजला होता तेव्हा सुरू केलेली. तुम्ही मेडिकलच्या बिलावरची तारीखसुद्धा मागवलीत. ही ॲलर्जी गोळी घेतल्या घेतल्या उठत नाही, साधारण २ ते ८ आठवड्यांनी उलटते आणि कातडीबरोबर लिव्हर-किडनीलाही धरते. तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून ड्रेस (DRESS) म्हणतात. रक्तात इओसिनोफिल, म्हणजे ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, वाढलेल्या होत्याच. लेप्टोचा रिपोर्टही निगेटिव्ह आला. गोळी बंद झाली, स्टिरॉइड सुरू झालं आणि ताप उतरला. गोळी वाईट नाही, कितीतरी लोकांना ती सोसते, हे तुम्ही आवर्जून सांगितलंत. त्यामुळे ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांवर घरात कोणी तोंडसुख घेतलं नाही. (काका सोडून.)

पुढेही तुम्ही येत राहिलात. पाठीवर नवीन पुरळ दिसलं तेव्हा आम्ही पुन्हा घाबरलो. तुम्ही बघून म्हणालात, रबरी शीटवर पडून आलेलं घामोळं आहे, कूस बदलत राहा. हाताच्या चौकोनी लाल डागाला चिकटपट्टी कारण निघाली. नवीन औषध मात्र एकही लिहिलं नाहीत. आयसीयूत असं कोणी करतं, हे मला नवीनच होतं.

स्टिरॉइड तुम्ही आखून दिल्याप्रमाणे हळूहळूच कमी करतोय. एकदम थांबवलं तर दुखणं उलटू शकतं, ही तुमची ताकीद आईला पाठ झाली आहे. ‘ॲलोप्युरिनॉल आयुष्यात कधीही नको’ हे तुम्ही लिहून दिलेलं कार्ड बाबांच्या पाकिटात आहे. रक्ताच्या नात्यातही धोका असू शकतो म्हणालात, म्हणून त्याची एक प्रत आत्यालाही दिली.

या ॲलर्जीनंतर थायरॉईडही बिघडू शकतं, म्हणून त्याच्या तपासणीला बाबांना घेऊन येईन. अंगठा पुन्हा कुरकुरतोय. त्यावर आता काय द्यायचं, ते तुम्ही आणि फिजिशियन डॉक्टर मिळून ठरवा. तोवर डब्यातल्या कुठल्याही गोळीला हात लावू देत नाही.

आपली ऋणी,
तुमच्या पेशंटची मुलगी