कासवांना लॉटरी लागली नव्हती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला मिराज स्टुडिओवरचा लेख वाचला. अमेरिकेतल्या एका स्वतंत्र कॉमिक प्रकाशनाला मराठी वृत्तपत्राने अर्धं पान दिलं, याबद्दल आभार. पण ‘टीव्हीवरच्या गाजलेल्या कार्टूनवरून दोघा मित्रांनी कॉमिक काढलं आणि त्यांना लॉटरी लागली’ हे वाक्य छापायला नको होतं. त्याचा पहिला भाग चुकीचा आहे आणि दुसरा अन्यायाचा.

‘टीनएज म्युटंट निन्जा टर्टल्स’ या चार निन्जा कासवांच्या कॉमिकचा पहिला अंक मे १९८४ मध्ये निघाला. कार्टून आलं डिसेंबर १९८७ मध्ये. मधली साडेतीन वर्षं कासवांचं नाव झालं ते कागदावरच्या अंकांमुळे. लेखासोबत निळी, जांभळी, नारिंगी पट्टी बांधलेली कासवं छापली आहेत, तीही कार्टूनमधली. मूळ अंकाच्या मुखपृष्ठावर चौघांच्याही पट्ट्या लाल आहेत. आत रंगच नव्हता, त्यामुळे कोण कोणता हे हातातल्या शस्त्रावरून ओळखायचं.

आता ‘लॉटरी’. ते दोघे मित्र, केव्हिन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या डोव्हर गावी घरातच चित्रं काढत. स्टुडिओची वेगळी जागाच नव्हती, म्हणून नाव ‘मिराज’, म्हणजे मृगजळ. भांडवल म्हणजे आयकराचा परतावा आणि ईस्टमन यांच्या काकांकडून घेतलेले उसने पैसे. एवढ्यात रंगीत छपाई बसत नाही. म्हणून आतली पानं एकाच शाईत, न्यूजप्रिंटवर, प्रती सुमारे ३,०००, किंमत दीड डॉलर. शिवाय ‘कॉमिक्स बायर्स गाइड’ या व्यवसायाच्या पत्रात जाहिरात. वितरकाला त्या काळी साठ टक्क्यांच्या आसपास सूट द्यावी लागे. म्हणजे प्रतीमागे हाती येणार साठ सेंट, आणि सगळ्या प्रती खपल्या तरी सुमारे १,८०० डॉलर. त्यातूनच छपाई भागवायची. प्रती संपल्या तेव्हा त्याच वर्षी ६,००० प्रतींची दुसरी आवृत्ती काढली. लॉटरीवाल्याला असे हिशेब करत बसावं लागत नाही.

हे शक्य झालं त्याचं खरं कारण तुमच्या लेखात एका ओळीतही नाही. वृत्तपत्रांच्या स्टॉलवरची कॉमिक्स परतीच्या बोलीवर जात. न खपलेला गठ्ठा प्रकाशकाच्या माथी येई, त्यामुळे लहान प्रकाशक पहिल्याच अंकात बुडे. १९७० च्या दशकात ब्रुकलिनचे शाळामास्तर फिल स्यूलिंग यांनी वेगळी रीत रुजवली. कॉमिकच्या दुकानांनी आगाऊ मागणी नोंदवायची, सूट जास्त घ्यायची, पण माल परत करायचा नाही. प्रकाशकाने मागणी पाहून तेवढंच छापायचं. मिराज उभं राहिलं ते या रीतीवर.

त्याच रीतीने पुढे घातही केला. कासवांच्या पहिल्या अंकाचे भाव चढले, तसे १९८६ मध्ये दुकानदार कुठलंही कृष्णधवल कॉमिक डोळे झाकून मागवू लागले. कासवांच्या नकला करत हॅमस्टर आले, कांगारू आले. गिऱ्हाइकाने पाठ फिरवली तेव्हा परत न जाणारा माल दुकानातच पडून राहिला. दुकानदाराने वितरकाचे पैसे थकवले, वितरकाने प्रकाशकाचे, प्रकाशकाने छापखान्याचे. १९८७ मध्ये कितीतरी लहान प्रकाशनं बंद पडली. मिराज टिकलं, कारण पात्रांची मालकी त्या दोघांनी कुणाला विकली नव्हती. खेळणी आणि कार्टूनचा पैसा त्यांच्याकडे आला तो त्यामुळेच. ईस्टमन यांनी आपला हिस्सा नंतर लेअर्ड यांना दिला, आणि लेअर्ड यांनी २००९ मध्ये सगळे हक्क व्हायकॉम या माध्यम कंपनीला ६ कोटी डॉलरना विकले. तेव्हाही वर्षाला १८ पर्यंत कृष्णधवल अंक काढण्याचा हक्क त्यांनी स्वतःकडे ठेवला. शिवाय १९९२ मध्ये त्यांनी झेरिक फाउंडेशन काढून स्वतःचं कॉमिक स्वतः छापणाऱ्यांना वीस वर्षं अनुदान दिलं. या माणसाला नशीबवान म्हणून मोकळं होणं मला पटत नाही.

जाता जाता आणखी एक. लेखात मूळ अंकातली एक चौकट टपाल तिकिटाएवढी छापली आहे आणि तिचा नुसता करडा डाग झाला आहे. ती चित्रं ड्युओशेड बोर्डावर काढलेली आहेत. या बोर्डात न दिसणाऱ्या बारीक रेघांचे दोन थर असतात. एक द्रावण ब्रशने लावलं की फिकी छटा उमटते, दुसरं लावलं की गडद. पण ती छटा करडी नसते, काळ्या रेघाच असतात. अशा चित्राचा फोटोसारखा स्कॅन करून त्यावर पुन्हा छपाईच्या ठिपक्यांची जाळी चढवली की दोन जाळ्या एकमेकींत अडकतात आणि रेघा बुजतात. १२०० डीपीआयला (इंचाला १२०० ठिपके) लाइन आर्ट म्हणून, म्हणजे करड्या छटा न घेता नुसतं काळं-पांढरं, स्कॅन करायचं आणि फार लहान करायचं नाही, एवढं पुरतं. तुमच्या रविवारच्या चित्रमालिकेचीही तीच गत आहे. चार कॉलमांची पट्टी दोन कॉलमांत आल्यापासून फुग्यातली अक्षरं भिंगाशिवाय वाचता येत नाहीत. ती पट्टी पूर्वीच्या रुंदीत छापावी, आणि १९८४ व १९८७ या सालांची दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर द्यावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे