थंडीत तोफेच्या गोळ्याचा वेग मोजला, पण बारूदाचं टेंपरेचर कोण लिहिणार?

संपादक साहेब, नमस्कार.

एटॅग्ज तोफेवरची तुमची बातमी वाचली. डीआरडीओच्या पुण्यातल्या एआरडीई या प्रयोगशाळेने डिझाइन केलेली तोफ, २०२५च्या मार्चमध्ये ३०७ तोफांचं कंत्राट झालं त्यातला मोठा वाटा पण पुण्याच्याच भारत फोर्जकडे आला, त्यामुळे कौतुक झालंच पाहिजे. पण सोबतच्या चौकटीत नुसतं 'रेंज ४८ किमी' छापलंय आणि बाजूला बर्फातल्या तोफेचा फोटो, म्हणजे वाचणाऱ्याला वाटणार की हीच तोफ लडाखला नेली तरी गोळा तेवढाच जाणार. अहो ते ४८ किमी २०१७ साली पोखरणच्या वाळवंटात निघालेत. जानेवारीत द्रासला कमी निघतील का जास्त हे घरी बसून कोणीच सांगू शकत नाही, तिथे जाऊन मोजावं लागतं, आणि ते मोजणं वाटतं तेवढं सोपं नाही म्हणून हे पत्र. मी तोफखान्यात नोकरी केलेला माणूस आहे.

थंड बारूद हळू जळतं. नळीत प्रेशर कमी बनतं आणि गोळा कमी वेगाने बाहेर पडतो, यालाच आम्ही एमव्ही पडला म्हणतो, मझल व्हेलॉसिटी. रेंज टेबलं, म्हणजे गोळा किती लांब जाईल ते सांगणारे तक्ते, सगळी २१ डिग्री चार्ज टेंपरेचर (चार्ज म्हणजे गोळ्यामागे भरायचं बारूद) धरून बनलेली असतात आणि द्रासला हिवाळ्यात मायनस वीस म्हणजे नेहमीचंच, म्हणजे सरळ ४१ डिग्रीचा फरक झाला. लांबच्या माऱ्यात एमव्ही सेकंदाला एक मीटर पडला की गोळा साधारण २०-३० मीटर, कधी त्याहूनही जास्त अलीकडे पडतो, आता हिशोब तुम्हीच करा. दुसरीकडे द्रास ३,३०० मीटरच्या आसपास, तिथली हवा एवढ्या थंडीत सुद्धा समुद्रकाठच्या पाऊण पटच दाट, त्यामुळे गोळ्याला अडथळा कमी आणि रेंज वाढते. कारगिलला बोफोर्सने टेबलापेक्षा लांब मारा केला तो या पातळ हवेमुळेच, पण ती लढाई मे ते जुलैची होती हे लोक विसरतात. शिवाय अति थंडीत बारूदाचे दाणे ठिसूळ होऊन तडकतात, मग जळायला जास्त पृष्ठभाग मिळतो आणि प्रेशर उलट एकदम चढू शकतं, म्हणजे थंडी म्हटलं की वेग कमीच होणार हे पण पक्कं नाही.

आता मोजायचं कसं. हल्ली तोफेवरच छोटं रडार बसवतात, ते डॉप्लरने गोळ्याचा वेग पकडतं आणि मागे हिशोब करून नळीच्या तोंडाशी किती होता ते काढतं, त्याला उजेड लागत नाही, फक्त अँटेनावर बर्फ साचू द्यायचा नाही आणि थंडीत बॅटरी लवकर मान टाकते तेवढं बघायचं. रायफल क्लबमधल्या पोरांकडे असतो तो दोन सेन्सरवाला क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजायचं यंत्र, मात्र बर्फावरून खालून येणाऱ्या चकाकीने गोंधळतो, हिवाळ्यातलं तिरपं ऊन पण त्याला सोसत नाही. आणि रीडिंग कमी आलं की सगळे मशीनला शिव्या देतात. ते दोन सेन्सर ज्यावर बसवलेले असतात ती साठ सेंटीमीटरची ॲल्युमिनियमची पट्टी ४० डिग्री गार झाली तर अर्धा मिलिमीटर आकसते, सेकंदाला ८०० मीटर वेगाच्या गोळीला त्याने फरक पडतो एक मीटरपेक्षा कमी आणि तो सुद्धा जास्त दाखवण्याच्या बाजूने! नेहमीच्या रायफल बारूदाला मात्र डिग्रीमागे अर्धा मीटर धरा, ४० डिग्रीला वीस मीटर झाले, म्हणजे बघायचं असेल तर आधी काडतुसाकडे बघा.

काडतूस खिशात होतं का गाडीत हीटरपाशी, का तापलेल्या नळीत भरून दोन मिनिटं तसंच राहिलं, यावर वेग बदलतो, बाहेरचा थर्मामीटर काहीही दाखवो. १५५ मिलिमीटर तोफेच्या चार्जला तर आतपर्यंत गार व्हायला तासन्तास लागतात म्हणून हवेचं नाही, बारूदाचं टेंपरेचर घ्यायचं असतं. पहिला गोळा गार आणि तेल लागलेल्या नळीतून जातो, त्याच्या एकट्याच्या रीडिंगवर काही ठरवायचं नाही.

खरा घोळ पुढे होतो. नळी झिजली तरी एमव्ही पडतो आणि बारूद गार असलं तरी पडतो, रडारला दोन्ही सारखेच. टेंपरेचर लिहून ठेवलं नसेल तर थंडीचा तोटा झिजेच्या खात्यात जातो, मग तीच दुरुस्ती उन्हाळ्यात लावली की गोळा टार्गेटच्या पलीकडे, आणि डोंगरात पलीकडे म्हणजे कधी कधी थेट दुसऱ्या दरीत. आमच्याकडे एक जुने सुभेदार साहेब होते, चार्ज टेंपरेचरचा रकाना रिकामा दिसला की अख्खं रजिस्टर परत पाठवायचे, तेव्हा राग यायचा त्यांचा.

ओडिशात चांदीपूरला १८९५ पासून दारूगोळ्याची चाचणी रेंज आहे, पण ती समुद्रकाठी. तिथे चार्ज खोलीत गार करून मारता येतो, तोफ आणि हवा मात्र गरमच राहणार ना. म्हणून कडाक्याच्या थंडीत डोंगरावरच घेतलेल्या ट्रायलचे आकडे मला जास्त मोलाचे वाटतात, आणि त्यांना पेपरात एक ओळ सुद्धा मिळत नाही. तेव्हा पुढच्या वेळी रेंज छापाल तर जागा, उंची आणि चार्जचं टेंपरेचर पण छापा, चौकटीत तीन शब्द वाढतील फार तर. आणि तो बर्फातला फोटो पोखरणच्या आकड्याशेजारी लावू नका.

आपला,
एक निवृत्त गनर, देवळाली कॅम्प