शेवट ठाऊक असूनही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फ्रेडरिक फोर्सिथ जून २०२५ मध्ये गेल्याची बातमी वाचली आणि त्यांची ‘द डे ऑफ द जॅकल’ ही १९७१ सालची कादंबरी पुन्हा हाती घेतली. थरारकथा एकदा वाचली की संपली, असे आमच्या वाचनालयातले जाणकार मंडळी नेहमी म्हणतात. मला ते कधीच पटले नव्हते, पण का पटत नाही हे या वेळी उमगले, म्हणून हे पत्र.

अल्जीरियाला फ्रान्सपासून स्वातंत्र्य दिल्यावरून संतापलेली ओएएस ही गुप्त फ्रेंच संघटना १९६३ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना मारण्यासाठी पाच लाख डॉलरला एक परदेशी मारेकरी नेमते, एवढे हे कथानक. द गॉल १९७० मध्ये आपल्या घरी वारले, हे कादंबरीच्या पहिल्या वाचकालाही ठाऊक होते. कट फसणार हे उघड असल्यामुळेच काही प्रकाशकांनी हस्तलिखित नाकारले होते. तरीही पुस्तक खाली ठेवता येत नाही, कारण लेखक आपल्याला त्या माणसाच्या कामात गुंतवतो. लहानपणीच वारलेल्या मुलाच्या जन्मदाखल्यावर तो पासपोर्ट मिळवतो, बंदूक सुटी करून कुबडीच्या नळ्यांत दडवतो. आर्देनच्या रानात खरबुजावर माणसाचा चेहरा रंगवून ते झाडाला टांगतो, एकेक गोळी झाडून दुर्बिणीचा स्क्रू किंचित फिरवतो आणि शेवटी स्फोटक गोळीने त्याच्या चिंधड्या उडवतो. त्याचा नेम बरोबर लागावा म्हणून मी श्वास रोखून बसलो आहे, हे ध्यानात आले तेव्हा मला स्वतःचीच भीती वाटली.

त्यातून मला बाहेर काढले ते क्लोद लबेल या पोलीस अधिकाऱ्याने. ठेंगणा, मवाळ बोलणारा हा माणूस कचेरीतच खाट टाकून झोपतो, देशोदेशींच्या पोलिसांना रात्री फोन करतो आणि हॉटेलांत उतरलेल्यांची कार्डे रोज चाळून घेतो. मी स्वतः तीस वर्षे सरकारी नोंदवह्या सांभाळल्या आहेत; एक कार्ड काही तास उशिरा पोहोचल्यामुळे शिकार निसटते, ते पान वाचताना जीव किती तळमळला हे माझे मलाच ठाऊक. अशा नोंदींवर माणसाचे प्राण टांगलेले असू शकतात, हे इतक्या परिणामकारकपणे दाखवणारी कादंबरी माझ्या तरी वाचनात दुसरी नाही.

२५ ऑगस्टचा, म्हणजे मारेकरी द गॉल यांच्यावर नेम धरतो त्या दिवसाचा प्रसंग मी तिसऱ्यांदा वाचत होतो. द गॉल वाचणार हे पक्के माहीत होते. तरी लबेल एका तरुण शिपायाला घेऊन जिने चढू लागला, तेव्हा मी खुर्चीतून उठलो आणि ती दोन पाने उभ्यानेच वाचली.

आपला,
एक वाचक, सातारा