कैसराचे ते कैसराला, तेही मुदतीत: हिशेबनीस काकांना सलाम

आदरणीय काका,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

नाव छापू नका म्हणालात, म्हणून छापत नाही. आभार मात्र उघडपणेच मानतो, कारण मंडळीचे हिशेब आणि सरकारी कागद कसे सांभाळायचे हे तुम्ही शिकवलंत, ते महाराष्ट्रातल्या पुष्कळ मंडळ्यांच्या (चर्चच्या) पंचांना लागणारं आहे.

बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा १३ वा अध्याय एरवी देशासाठीच्या प्रार्थनेपुरता उघडला जातो. तुम्ही तो सातव्या वचनापर्यंत नेलात: कर, जकात, धाक, सन्मान, ज्याचं जे देणं ते. प्रेषित पौलाने हे लिहिलं तेव्हा रोमच्या गादीवर नीरो होता. तेव्हा साहेब चांगला असेल तरच मान, ही पळवाट तिथेच बुजते. सहाव्या वचनात अधिकाऱ्यांसाठी आलेला ग्रीक शब्द ‘लेइतुर्गोई’, म्हणजे सेवक. आपली ‘लिटर्जी’ (उपासनाविधी) त्याच घराण्यातली. धर्मादाय कार्यालयाच्या खिडकीपलीकडच्या माणसाकडे बघायची नजर त्याने बदलते. (रांग तेवढीच राहते, ते सोडा.)

सगळ्यात मोठे उपकार बदल अर्जाचे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलला, वारला किंवा त्याने राजीनामा दिला, की ९० दिवसांत कळवायचं. मंडळ्या अडकतात त्या तारखेपेक्षा कागदांवर. सभेची नोटीस घटनेत लिहिलेल्या मुदतीआधी निघालेली नसते, हजेरीवर सह्या कमी आणि गणपूर्तीची नोंदच नाही, ठरावाला सूचक आहे पण अनुमोदक नाही, नव्या विश्वस्ताचं संमतीपत्र राहून गेलेलं. वर मागच्या निवडणुकीचा अर्ज प्रलंबित असला, तर त्यावरची निवडणूकही लटकते आणि बँक जुन्याच सह्या मागत बसते. म्हणून सर्वांत जुना अर्ज आधी निकाली काढा, उशीर झाला असेल तर कारण खरं लिहून विलंबमाफी मागा, आणि मागची तारीख टाकून कागद कधीही करू नका, हा तुमचा क्रम. त्यातली शेवटची गोष्ट आम्ही नववी आज्ञा (खोटी साक्ष देऊ नको) म्हणून वाचतो.

अर्पणाबद्दल तुमचा नियम छोटा आहे. भक्ती संपल्यावर, तिथेच, एकमेकांचे नातेवाईक नसलेल्या दोघांनी पैसे मोजायचे, दोघांनी सह्या करायच्या आणि सगळी रक्कम बँकेत भरायची. थैलीतूनच वीजबिल भागवलं की जमेची बाजू तेवढ्याने कमी दिसते. मग पावत्या खऱ्या असूनही ताळेबंद जुळत नाही, आणि प्रामाणिक खजिनदारावर संशय येतो. ३१ मार्चला खाती बंद करून सहा महिन्यांच्या आत लेखापरीक्षण पुरं व्हायला हवं, तर पावतीपुस्तकं एप्रिलमध्येच द्यावी लागतात, सप्टेंबरमध्ये नाही.

परदेशातल्या देणग्यांचा खुलासाही तुम्हीच केलात. भारतीय नागरिक असलेला मुलगा दुबईहून स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवतो, ती विदेशी देणगी नव्हे. त्याच्याच भावाने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर ती विदेशी देणगी. त्यासाठी वेगळी नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच आली पाहिजे. भावना दोघांची सारखी, कायदा दोघांना वेगळा. जमिनीचंही तसंच: मंडळीची जागा विकायची, बदलायची, बक्षीस द्यायची किंवा बिनशेती जागा तीन वर्षांहून जास्त भाड्याने द्यायची, तर कलम ३६ खाली परवानगी आधी. ठराव एकमताने झाला, एवढं पुरत नाही.

अधीनता म्हणजे मुकाट मान डोलावणं, असं तुम्ही कधी शिकवलं नाहीत, याचे आभार वेगळे. प्रेषितांची कृत्ये ५:२९ (माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे) तुम्ही रोमकरांसच्या शेजारी ठेवलंत. पेत्राने न्यायसभेला तोंडावर नकार दिला, पण फटके बसले तेव्हा हात उगारला नाही. पौल फिलिप्पैच्या तुरुंगात अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन सोडावं म्हणून अडून बसला आणि पुढे त्याने कैसराकडे, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे, दाद मागितली. अर्ज नामंजूर झाला तर अपील करणं हाही अधिकाराचा मानच, हे त्यावरून कळतं. अपिलातली भाषा मात्र तुम्ही तपासायचात, आणि ‘जाणूनबुजून’ हा शब्द दिसला की पुराव्याचं पान मागायचात.

यंदाची पावतीपुस्तकं क्रमांकानुसार लावून ठेवली आहेत. रद्द पावत्यांच्या दोन्ही प्रती आत आहेत, फाडलेल्या नाहीत.

आपले नम्र,
मंडळीचे वडीलजन व पंच