तपासणी यंत्र पेटीत, शिक्षा कारखानदाराला : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

विषय : पॅकिंग प्लाय व एलव्हीएल (थर चिकटवून केलेल्या लाकडी पट्ट्या) उद्योगासाठी मंजूर झालेली तपासणी प्रयोगशाळा अद्याप बंद असल्याबाबत.

गेल्या आठवड्यात माझ्या कारखान्यातून गेलेला पॅकिंग प्लायचा भरलेला ट्रक खरेदीदाराने जसाच्या तसा परत पाठवला. यंत्रसामग्री परदेशी रवाना करायच्या पेट्यांसाठी तो माल होता. चलनावर ‘थर सुटतात’ एवढाच शेरा आहे. कोणत्या शीटचे, कोणत्या चाचणीत, किती ओलाव्याला, याचा कुठेही उल्लेख नाही आणि परतीचे भाडे मात्र माझ्या नावावर मांडले आहे. त्यांचे म्हणणे खोडून काढायला माझ्याकडे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल नव्हता. तो का नव्हता, हे आपल्याला कळावे म्हणून हे पत्र लिहीत आहे, आणि याआधीच्या अर्जांची पोचही न मिळाल्यामुळे ते जाहीरपणे लिहीत आहे.

आमच्या औद्योगिक वसाहतीत सामाईक सुविधा केंद्राचे भूमिपूजन झाले, तेव्हा व्यासपीठावरून सांगण्यात आले होते की, यापुढे विदर्भातल्या प्लायवाल्याला शीटचा तुकडा घेऊन तपासणीसाठी बेंगळुरूच्या वाऱ्या कराव्या लागणार नाहीत. इमारत उभी राहिली, कोनशिला बसली, यंत्रही आले. ते आजतागायत ज्या पेटीतून आले त्याच पेटीत आहे. खोलीची एक काच फुटलेली आहे, तिथून पावसाचे पाणी आत येते आणि पेटीच्या खालच्या कोपऱ्यात प्लायचे थर जुन्या वहीच्या पानांसारखे उलगडले आहेत. मी त्यात बोट घालून पाहिले. प्लायचा सांधा किती जोर सहन करतो हे सांगणारे यंत्र ज्या प्लायमध्ये बंद आहे, त्या प्लायचा निकाल पावसाने परस्पर देऊन टाकला. अहवालावर सही करणारा कर्मचारी नेमलेला नसल्यामुळे हा निकाल शासनदरबारी ग्राह्य धरला जाणार नाही, हे मला ठाऊक आहे.

आपल्या खात्यातील साहेब मंडळींना हा धंदा म्हणजे लाकडाला गोंद लावून दाबणे एवढाच वाटतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. शेतकऱ्यांच्या बांधावरची नीलगिरी आम्ही घेतो, यंत्रावर तिची पातळ साल काढावी तसे व्हिनियर, म्हणजे लाकडाचे पातळ थर, सोलतो आणि ते वाळवतो. प्लायमध्ये एका थराचे रेषे उभे, तर पुढच्याचे आडवे ठेवतात. एलव्हीएलमध्ये, म्हणजे पॅलेटच्या आणि पेटीच्या आधारपट्ट्यांना लागणाऱ्या मालात, सगळे रेषे एकाच दिशेने जातात. युरिया फॉर्मल्डिहाइडच्या गोंदात नवसागर आणि मैदा मिसळून तो थरांवर चढवतात आणि सुमारे 110 अंशांवर प्रेसमध्ये दाबतात. खरी मेख व्हिनियरच्या ओलाव्यात आहे. तो 6 ते 8 टक्क्यांच्या आसपास हवा. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, अंगणात पसरलेले व्हिनियर पापडासारखे कडक होते आणि गोंद नुसता पिऊन टाकते. सांध्यात काही उरत नाही. जुलैत त्याच अंगणात, त्याच व्हिनियरमध्ये पाणी राहते, प्रेसमध्ये त्याची वाफ होते आणि दाब सोडताच आत फुगा धरतो. म्हणून दोन हंगामांत गोंदाचे प्रमाण आणि दाबाची वेळ बदलावी लागते, आणि ती अंदाजाने नव्हे, तर मोजून बदलावी लागते.

त्यात प्रेस चालू असताना लाईन जाते. पंप थांबतो, दाब उतरतो, तवे मात्र गरमच असतात आणि अर्धवट धरलेल्या थरांमधून वाफ वाट काढते. अशी शीट वरून अगदी चोख दिसते. नाण्याने ठोकत गेले की एखाद्या जागी आवाज बदलतो, पोकळ येतो, तेव्हा कळते. माझ्याकडच्या दोन बाया दिवसभर हेच करतात आणि पोकळ वाजलेल्या जागेवर खडूने फुली मारतात. त्याशिवाय प्रत्येक थप्पीतला एक तुकडा 60 अंशांच्या पाण्यात तीन तास ठेवून, नंतर पटाशीने सांधा उचकटून पाहतो. लाकडाचे रेषे तुटले तर गोंद पास, थर साफ वेगळे झाले तर नापास. हे सारे मी वहीत लिहून ठेवतो. पण ही वही खरेदीदाराच्या लेखी रद्दी आहे, कारण तिच्यावर शिक्का नाही.

शिक्का नसल्याचा फायदा कोणाला होतो, तेही सांगतो. मैदा स्वस्त आणि गोंद महाग, हे या धंद्यातले उघड गुपित आहे. मैद्याचे प्रमाण वाढवले की शीट स्वस्त पडते, नवी असताना तितकीच गुळगुळीत दिसते आणि पहिल्या पावसाळ्यात सुटते. तपासणीच होत नसेल तर माझी शीट आणि ती मैद्याची शीट यांत फरक उरतो तो फक्त दराचा, आणि दराच्या शर्यतीत इमानदार माणूस हरणार हे ठरलेले आहे. सरकारी निविदाही सर्वांत कमी दरावरच उघडतात. आपले खाते एकीकडे ‘दर्जेदार उत्पादन’ या विषयावर चर्चासत्रे घेते आणि दुसरीकडे दर्जा बाजूला ठेवून खरेदी करते, तेव्हा चर्चासत्रातला चहा तरी कोणत्या निकषावर घेतला होता, असे विचारावेसे वाटते.

केंद्राच्या गुणवत्ता नियंत्रण आदेशामुळे 2025 पासून प्लायवूडला आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. माझा त्याला विरोध नाही. उलट असा नियम वीस वर्षांपूर्वी यायला हवा होता. पण आयएस 1734 मधल्या, म्हणजे प्लायच्या चाचण्यांच्या भारतीय मानकातल्या, चाचण्या करायच्या कुठे? मोठ्या कारखान्याकडे स्वतःची प्रयोगशाळा असते, तिथे रसायनाची पदवी घेतलेला मुलगा बसतो. आम्हा लहानांना काही महिन्यांची मुदत वाढवून मिळाली, जणू काही महिन्यांत आमच्या पत्र्याच्या शेडला प्रयोगशाळा फुटणार होती. मोजायचे साधन द्यायचे नाही आणि मापात पाप शोधत फिरायचे, अशी ही रीत आहे.

कागदपत्रांची तऱ्हा आणखी निराळी. परदेशी जाणाऱ्या कच्च्या लाकडाच्या पेटीला आयएसपीएम-15 नुसार, म्हणजे लाकडातून कीड पसरू नये यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार, लाकडाच्या गाभ्यापर्यंत 56 अंश उष्णता सलग 30 मिनिटे किंवा दुसरी मान्य प्रक्रिया द्यावी लागते आणि तसा छाप मारावा लागतो. गोंद, उष्णता आणि दाब यांतून तयार झालेल्या प्लाय व एलव्हीएलला त्याच नियमात सूट आहे, कारण त्यात कीड जिवंत राहू शकत नाही. तरीही आमच्याकडे प्रत्येक खेपेला कोणीतरी प्लायवरच छाप मागतो आणि ट्रक अडवतो. नियम वाचून दाखवला की उत्तर येते, ‘वरून लेखी आणा.’ वर म्हणजे नेमके कुठे, ते कोणी सांगत नाही.

या सगळ्यात माझे काय झाले, ते लिहायचे नव्हते, पण लिहितो. गोंदवाल्याची उधारी भागवायला मुलीच्या नावाची ठेव मोडली. बँकेच्या साहेबांनी कॅश क्रेडिटचे नूतनीकरण रोखून धरले आहे. त्यांना परत आलेल्या ट्रकची बातमी माझ्याआधी लागली होती. कोर, म्हणजे प्लायचे आतले थर, जोडणाऱ्या बायांना दोन आठवड्यांची मजुरी देणे बाकी आहे. गोंदाच्या धुराने डोळे चुरचुरत असताना त्या दिवसभर पट्ट्या जुळवतात, आणि शनिवारी मी त्यांच्या समोरून मान खाली घालून जातो. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी वाढवली आहे. तिचाही दर्जा कोण तपासतो, देव जाणे.

आणि विजेबद्दल तर बोलूच नये असे झाले आहे. एकट्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट आहे. कोळसा आमचा, राख आमची, धूर आमचा, आणि भर प्रेसमध्ये जाणारी लाईनही आमचीच. छत्तीसगडात युनिटमागे दीड-दोन रुपये कमी पडतात, असे तिकडचे कारखानदार सांगतात. आकडा थोडा इकडेतिकडे असेल, पण सीमेपलीकडे गेलेले कारखाने हवापालटासाठी गेलेले नाहीत. 1953 च्या नागपूर कराराने आम्हाला काय कबूल केले होते आणि काय मिळाले, याचा हिशेब मांडायला 1994 मध्ये वैधानिक विकास मंडळ झाले. 2020 च्या एप्रिलअखेर त्याचीही मुदत संपली. अनुशेष तेवढा बिनमुदतीचा राहिला. दर हिवाळी अधिवेशनात मंत्रालय नागपूरला येते, हुरडा खाते, संत्री घेऊन परत जाते, आणि आमच्या तालुक्यातला एक सहायक नेमण्याची फाईल जिथे होती तिथेच राहते.

माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. ते यंत्र पेटीतून बाहेर काढून बसवावे आणि ते चालवणारा, चाचणीची सही करू शकणारा एक प्रशिक्षित माणूस नेमावा. तो येईपर्यंत आमचे नमुने बाहेरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवण्याचा खर्च खात्याने सोसावा. प्लाय व एलव्हीएलला आयएसपीएम-15 ची सूट असल्याचे एक साधे मराठी परिपत्रक काढावे, म्हणजे ट्रक अडवणाऱ्याला दाखवायला हातात काहीतरी राहील. वसाहतीच्या फीडरवरचा पुरवठा निदान सलग एका पाळीपुरता तरी खात्रीचा असावा.

खरेदीदाराने पुढच्या महिन्यापासून माल हरियाणातल्या यमुनानगरहून मागवायचे ठरवले आहे. एवढ्या लांबचे भाडे देऊनही त्याला तो परवडतो, कारण त्याच्यासोबत अहवाल येतो. आपल्या खात्याच्या चकचकीत पुस्तिकेत ‘ग्रामीण उद्योगाची यशोगाथा’ या मथळ्याखाली माझ्या प्रेसचा फोटो छापलेला आहे. पुढच्या आवृत्तीत तो काढून टाकावा, आणि जागा रिकामी दिसत असेल तर त्या पेटीचा छापावा.

आपला,
पॅकिंग प्लायचा एक लघुउद्योजक,
पूर्व विदर्भ