कड्यावर चढणारा कालवा

लॉकपोर्ट, न्यूयॉर्क राज्य

ती. बाबांस,
सा. न.

आम्ही सगळे खुशाल. आईचा गुडघा कसा आहे ते कळवा.

तुमची सगळी नोकरी पाटबंधाऱ्यात गेली, म्हणून ईरी कालव्याचं सविस्तर लिहितेय. ४ जुलै १८१७ला खोदाई सुरू झाली आणि १८२५च्या ऑक्टोबरात ईरी सरोवराकाठचं बफेलो ते हडसन नदीवरचं ऑल्बनी असा ३६३ मैलांचा कालवा पुरा झाला. रुंदी ४० फूट, खोली अवघी ४ फूट! काठावरून घोडे-खेचरं दोर ओढायची आणि मालाच्या बोटी चालायच्या. कालव्याचा आग्रह धरणाऱ्या न्यूयॉर्कच्या गव्हर्नर क्लिंटनवरून, 'क्लिंटनचा चर' म्हणून लोकांनी आधी टिंगल केली. पण बफेलोहून न्यूयॉर्कला टनामागे शंभर डॉलरच्या घरात पडणारं भाडं दहाच्या आत आलं.

लॉकपोर्टला मात्र कडा आडवा आला. नायगरा धबधबा कोसळतो तोच हा कडा. साठेक फूट चढायचं होतं. इंजिनिअर नेथन रॉबर्ट्सने एकाला एक लागून पाच लॉक, म्हणजे बोट वर-खाली नेणारे दोन्हीकडे दारं असलेले हौद बांधले, तेही दुहेरी. चढणाऱ्या बोटींना पाच, उतरणाऱ्यांना पाच. बोट आत शिरली की मागचं दार मिटायचं, वरचं पाणी सोडायचं, बोट बारा फूट वर. पंप नाही, काही नाही. दाराच्या दोन झडपा वरच्या पाण्याकडे टोक करून मिटतात, त्यामुळे पाण्याचा दाब वाढेल तशा त्या आणखी घट्ट बसतात. हे जवळून बघताना तुमची फार आठवण झाली.

पण मला खरं मोठं काम वाटतं ते कड्याच्या पुढचं. काही मैल नुसता कातळ! सुरुंग लावून, पहारींनी फोडून तो काढला. त्यात आयरिश मजूर पुष्कळ होते, कितीतरी जण जायबंदी झाले, मेले. आधी इथे रान होतं. याच कामावर गाव उभं राहिलं, नावही लॉकवरूनच पडलं. क्लिंटनचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, त्या मजुरांचीही तितक्याच आदराने आठवण ठेवायला हवी.

पुढे रेल्वेने माल पळवला, १८८२त जकात उठली. विसाव्या शतकात पाचांची एक रांग काढून दोन मोठे लॉक केले. दुसरी रांग अजून शाबूत आहे. आता बोटी बहुतेक हौशी लोकांच्याच.

तुमच्या साइटवर कातळ लागला की सुरुंगाचं काम कसं करायचात, मजुरांची काळजी कोण घ्यायचं? पुढच्या पत्रात नक्की लिहा.

आईला सा. न.

तुमची,
सुमा