बी-302 कडील येणे रकमेचा लेखी करार झाल्याशिवाय फ्लॅट विक्रीची एनओसी (ना-हरकत दाखला) न देण्याबाबत

मा. अध्यक्षसाहेब,
सोसायटी कमिटी, बडोदा

स.न.वि.वि.

पत्र मराठीत लिहितोय, कारण गुजरातीतले माझे आधीचे अर्ज कोणी उघडल्याचे दिसत नाही. आपण मूळचे दांडिया बाजारच्या मराठी वस्तीतले, तेव्हा हे तरी वाचाल अशी आशा.

बी-302 च्या बाथरूमची गळती आमच्या छतातून येत होती, हे आपण स्वतः येऊन, डोक्यावर थेंब घेऊन पाहिले आहे. मे 2023 मध्ये फरशी उखडून पाइप बदलण्याचे आणि वॉटरप्रूफिंगचे 38,000 रुपये मी भरले. पावसाळा तोंडावर होता, मिस्त्री पैशांसाठी अडून बसला होता आणि 302 चे भाई आपल्यादेखत म्हणाले, "काका, हमणां तमे आपी दो, थई जशे" (आत्ता तुम्ही देऊन टाका, होऊन जाईल). ते अजून व्हायचे आहे.

दिवाळीनंतरच्या बैठकीत आपल्या शब्दाखातर मी आठ हजार सोडले. उरलेले तीस हजार हप्त्यांनी द्यायचे ठरले. कागद करा, असे मी तेव्हाच म्हटले होते. आपण हसून म्हणालात, "शेजाऱ्या-शेजाऱ्यांत कसला स्टँप?" आणि मिनिट बुकात "प्रकरण समाधानाने मिटले" असे लिहून मोकळे झालात. त्यानंतर भाईंनी मला फोनवरून 5,000 पाठवले, खाली टीप: "फुल अँड फायनल".

करार कायदा 1872, कलम 63 प्रमाणे येणे कमी करण्याचा किंवा मुदत वाढवण्याचा अधिकार येणेकऱ्याचा आहे. येणेकरी मी आहे. देणेकऱ्याने तीन शब्द टाइप केले म्हणून पंचवीस हजार माफ होत नाहीत. पण कागदच नाही, तेव्हा ते म्हणणार पाच हजारांत मिटले, मी म्हणणार नाही, आणि आपण परवा जिन्यात म्हणालात तेच म्हणणार, की नक्की काय ठरले ते आठवत नाही.

घाई एवढ्याचसाठी की मुदत कायद्याप्रमाणे अशा येण्यासाठी दावा लावायला तीन वर्षे मिळतात आणि ती येत्या मेमध्ये भरतात. त्याआधी देणेकऱ्याने सहीनिशी कबुली दिली तर सहीच्या दिवसापासून मुदत नव्याने धरली जाते. हे माझे डोके नव्हे, दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात वकिली करणाऱ्या माझ्या मेहुण्यांचे. शिवाय 302 विक्रीला निघाला आहे. दलाल दर रविवारी गिऱ्हाइके आणतो आणि त्यांच्या गाड्या माझ्या पार्किंगमध्ये लागतात.

करारात फार काही नको. मूळ रक्कम, मिळालेले पाच हजार, बाकी पंचवीस हजार, हप्त्यांच्या तारखा आणि तेवढे पुढच्या तारखांचे चेक. हप्ता चुकला तर आठ हजारांची सूट रद्द आणि पूर्ण 33,000 देय. फ्लॅट विकला तर दस्त होण्याआधी सगळी बाकी एकरकमी. शेवटचा हप्ता आला की "आता काही येणे नाही" असे मी सहीने लिहून देईन. दोन साक्षीदार लागतील, त्यातले एक आपण. बैठक आपणच घडवली होती.

सेक्रेटरी म्हणतात, एनओसी फक्त सोसायटीच्या थकबाकीसाठी अडवता येते, हा तुमचा खासगी व्यवहार. मग खासगी व्यवहाराची नोंद सोसायटीच्या मिनिट बुकात कशी? विंगमधल्या बहुतेकांचे मत माझ्यासारखेच आहे. नावे विचारू नका, त्यांना भाई रोज लिफ्टमध्ये भेटतात.

जिन्यातले त्यांचे चपलांचे कपाट, उत्तरायणला आमच्या गॅलरीत अडकलेला आणि होळीपर्यंत तसाच लोंबणारा मांजा, गच्चीच्या किल्लीचा प्रकार, यांवर मी कधी ब्र काढला नाही. आताही काढत नाही. माणसाची वृत्ती ध्यानात यावी, एवढ्यासाठी उल्लेख केला. त्यांच्या मुलीच्या परीक्षेच्या वेळी आमचा टीव्ही महिनाभर बंद होता, हेही कोणी लक्षात ठेवलेले नाही.

येत्या रविवारी सकाळी दहाला त्यांना ऑफिसात बोलवावे. दोघांची नावे घातलेला तीनशे रुपयांचा ई-स्टँप मी काढून ठेवला आहे. ते तीनशे त्यांच्या हिशेबात धरलेले नाहीत.

आपला,
सभासद, बी-202

प्रत: सेक्रेटरी, खजिनदार, आणि बी विंगचा नोटीस बोर्ड (किल्ली मिळाल्यास)